टॅब दाबला की टर्मिनल गायब

दिवाळीला वणीला घरी आलो होतो. लॅपटॉप आणायचाच नाही असं ठरवलं होतं, पण ऑन-कॉल नेमकं माझ्याकडे. रविवारी जेवणं झाली, बाहेर कोळशाच्या ट्रकांची ये-जा चालू, झोप काही लागेना. म्हटलं, कम्प्लीशनच्या फाईलमध्ये दोन सर्व्हरची नावं टाकायची राहिलीत ती टाकू. टाकली, फाईल 'सोर्स' केली, डिप्लॉयची कमांड लिहून टॅब दाबला... आणि खिडकीच गायब! नवीन उघडली तर सगळं ठीक. परत सोर्स, परत टॅब, परत गायब.

आणि मग जरा धस्स झालं. दोन आठवड्यांपूर्वी टीममधला नवीन मुलगा अगदी हेच सांगत आला होता. मी स्क्रीनवरून नजरही न काढता "तुझ्या मशीनमध्ये घोळ आहे, फॉर्मॅट मार" म्हणालो होतो. बिचाऱ्याने शनिवार घालवून उबुंटू परत टाकलं.

खिडकी बंद झाली की एररही जाते. म्हणून बॅशच्या आतच दुसरं बॅश उघडलं. आतलं मेलं, बाहेरच्याने कारण सांगितलं: सेगमेंटेशन फॉल्ट. च्यायला, बॅशचाच बग सापडला की काय! (क्षणभर आनंद झाला, खोटं कशाला बोलू.)

"सुटीवर आला का कामावर?" बाबांनी विचारलं. घरातली लाईन ट्रिप झाली की बाबा सगळी बटनं बंद करून एकेक चालू करत जातात. मीही तेच केलं. 'नोआरसी' देऊन कोरं बॅश उघडलं, ठीक. कंपनीच्या टूलचं कम्प्लीशन लोड केलं, ठीक. माझी फाईल सोर्स केली, तरी ठीक. तीच फाईल दुसऱ्यांदा सोर्स केली... ढुप्प.

बॅश २.०४ पासून, म्हणजे २००० पासून, कुठल्या कमांडला टॅब दाबल्यावर कुठलं फंक्शन चालवायचं ते आपल्याला नोंदवता येतं. माझी फाईल आधी नोंदवलेल्या फंक्शनचं नाव विचारून घेते, त्या जागी माझं फंक्शन बसवते, आणि माझं फंक्शन शेवटी त्या जुन्याला हाक मारतं. पहिल्यांदा जुनं म्हणजे कंपनीचं. दुसऱ्यांदा सोर्स केल्यावर जुनं म्हणजे... माझंच! मग ते स्वतःलाच हाका मारत सुटतं. लिनक्सवर स्टॅक साधारण ८ एमबीचा, तो भरला की खेळ खल्लास. फंक्शन किती खोल जाऊ द्यायचं यावर बॅश आपणहून मर्यादा घालत नाही. त्यासाठी ४.२ मध्ये (२०११) 'फंकनेस्ट' नावाचं व्हेरिएबल आलं. ते १०० केलं, तर क्रॅशऐवजी सरळ एरर आली. त्यात माझ्याच फंक्शनचं नाव.

दुरुस्ती एका ओळीची: नोंदवलेलं नाव आपलंच असेल तर काही करू नकोस. बाकी कुणाला त्रास का नव्हता तेही कळलं. त्या फाईलला कुणी हातच लावत नाही. नवीन मुलगा रोज आपले सर्व्हर त्यात भरत होता.

संध्याकाळी त्याला फोन केला. आधी सॉरी म्हटलं, मग सगळं सांगितलं. तो म्हणाला, "सर, फॉर्मॅट केल्यावरही तसंच होत होतं."

"मग परत सांगितलं का नाहीस?"

"मी टॅब दाबणं सोडलं सर. पूर्ण नावं टाइप करतो आता."