नहरीच्या शेवटच्या टोकाला

53 क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग हजीऱ्यात सुरू होतो आणि थेट ओडिशातल्या पारादीपला जाऊन पोचतो. आम्हाला त्यातला धुळ्यापर्यंतचाच रस्ता हवा होता. सुरत-हजीऱ्याच्या कारखान्यांत काम करणाऱ्या, उधना-लिंबायतच्या वस्त्यांत राहणाऱ्या खानदेशी माणसांसाठी ही गावाकडची वाट. बारडोली, व्यारा, सोनगढ करत पहाटे नवापूर गाठलं, कोंडाईबारीचा घाट ओलांडला आणि साक्रीला चहासाठी थांबलो.

या प्रवासाचं निमित्त मात्र फार दूरचं होतं. उत्तर आयर्लंडमध्ये नेंड्रम नावाच्या ख्रिस्ती मठाच्या उत्खननात भरतीच्या पाण्यावर चालणाऱ्या गिरणीचे अवशेष सापडले. तिच्या लाकडांवरून काळ ठरला तो इ.स. 619चा. बांध घालून भरतीचं पाणी आत अडवायचं, ओहोटी लागली की ते चाकावर सोडायचं आणि मठाचं धान्य दळून घ्यायचं. हजीऱ्यात राहून खंभातच्या आखाताची भरती रोज पाहणाऱ्या माझ्या मनात ती गिरणी घर करून बसली. आपल्याकडे साधू-फकिरांच्या ठिकाणी असं काही होतं का, याचा विचार करताना छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की आठवली. शाळेच्या सहलीत सगळ्यांनी पाहिलेली आणि म्हणूनच नीट कुणी न पाहिलेली.

धुळ्याहून चाळीसगाव, मग कन्नडचा घाट. घाट चढून गेल्यावर गौताळ्याच्या रानातल्या पितळखोऱ्याकडे गाडी वळवली. पाणी आणि मठ एकत्र बघायचे तर ही लेणी टाळणं मला बरोबर वाटत नव्हतं. इसवी सनापूर्वीच्या काळात बौद्ध भिक्खूंसाठी कोरायला घेतलेली. पठारावरून पायऱ्या उतरत घळीत जायचं. पावसाळा नुकताच सरला होता आणि कातळ अजून पाझरत होता. खडक पाझरणारच, हे इथल्या पाथरवटांनी आधीच धरून ठेवलं होतं. झिरपणारं पाणी वाहून नेण्यासाठी त्यांनी खडकातच पन्हळ काढली आणि तिचं तोंड पाच फण्यांच्या नागात आणून सोडलं. मी त्या नागाजवळ बराच वेळ उभा होतो. गळक्या भिंतीचा एवढा देखणा निकाल लावणारा कारागीर आपल्या मातीत होऊन गेला, या विचाराने ऊर भरून आला.

संध्याकाळी शहरात पोचलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खाम नदीवरचा पूल आणि महमूद दरवाजा बघत पाणचक्कीत शिरलो.

ही जागा मुळात तकिया, म्हणजे सूफी फकिरांचा मठ. नक्शबंदी पंथाचे बाबा शाह मुसाफिर मध्य आशियातल्या बुखाऱ्याकडच्या मुलखातून इथवर आले. त्यांचे गुरू बाबा पलंगपोश मुघल फौजेबरोबर दख्खनभर फिरत. दोघांच्याही कबरी याच आवारात आहेत. शाह मुसाफिर 18व्या शतकाच्या सुरुवातीला वारले. मागून त्यांचे शिष्य शाह महमूद यांनी गादी सांभाळली. आज दिसणारा थाट बराचसा त्यानंतरचा. निजाम-उल-मुल्क आसफजाहच्या पदरी असलेल्या तुर्कताज खान या सरदाराने खर्च उचलला, तर कारंज्यांचा लांबट हौद जमील बेग खानाने बांधला. मध्य आशियातून आलेले वाटसरू, फौजेतून सुटलेले शिपाई, अनाथ, भिकारी, सगळ्यांना इथे आसरा असे. आणि आसरा द्यायचा म्हणजे रोज भाकरी द्यायची.

आवारात येणारा प्रत्येक जण आधी त्या उंच भिंतीवरून हौदात कोसळणाऱ्या धारेसमोर फोटो काढतो. मीही काढला. पण खरं काम त्या भिंतीच्या पोटात आणि तिच्याही मागे जमिनीखाली आहे. हर्सूलच्या बाजूने, सुमारे 6 किलोमीटरवरून, पाणी भाजक्या मातीच्या नळांतून आणलेलं. नळाला नळ जोडून वर चुन्याचं बांधकाम, सगळं जमिनीच्या पोटात. उगम उंचावर आणि नळ बंद, म्हणून वाटेत सखल भाग आला तरी पाणी दाबाने पुढे चढतं. शेवटी ते भिंतीच्या आतून वर येतं आणि माथ्यावरून खाली पडतं. बैल नाही, मोट नाही, रहाट नाही. पुण्यात पेशव्यांनी कात्रजहून पाणी आणलं तेव्हा नळात कोंडलेली हवा बाहेर पडायला जमिनीवर उसासे बांधले होते. इथल्या नहरींवर, म्हणजे जमिनीखालच्या अशा नळवाटांवरही, तसेच मनोरे आहेत. ही विद्या या शहराच्या जन्मापासूनची. मलिक अंबरने 1610च्या सुमारास खडकी वसवली आणि डोंगराकडून नहर आणली. तिच्यापाठोपाठ इतर नहरी झाल्या, पाणचक्कीची त्यांतलीच एक.

चक्कीच्या खोलीशी एक वयस्क चाचा बसले होते. मी जात्याकडे बघतोय असं पाहून म्हणाले, "वरचं काय बघता, खाली बघा." वाकून पाहिलं. चित्रात असतं तसं उभं चाक इथे नाही. पाण्यात आडवं चाक आहे, त्याला पाती, आणि त्याच्या मधोमध उभा दांडा. पाण्याचा मारा पात्यांवर बसला की चाक फिरतं, दांडा खालच्या स्थिर तळीतून वर जाऊन वरची तळी फिरवतो. दातेरी चाकांची भानगडच नाही. हिमालयातल्या घराटांची, म्हणजे तिथल्या पाणचक्क्यांची, हीच घडण, आणि नेंड्रमचं चाकसुद्धा असंच आडवं होतं. हजार-अकराशे वर्षांचं आणि दोन समुद्रांचं अंतर असूनही कामाची गरज माणसाला त्याच आकाराकडे घेऊन आली. दांड्याची ती संथ थरथर बोटांना जाणवते. त्या काळी घरोघरी बायका पहाटे जात्यावर बसत, खांदे भरून येईपर्यंत दळत. शेकडो तोंडांचं पीठ हाताने दळायचं तर किती हात लागले असते! त्या हातांचा भार या धारेने उचलला, हे मला या जागेचं सगळ्यात मोठं पुण्य वाटतं.

इथे युरोपातल्या मठांशी असलेला फरक मनात येतो. सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्टच्या नियमावलीत पाणी, गिरणी आणि बाग मठाच्या आवारातच असावी असं म्हटलंय, म्हणजे साधूंना बाहेर हिंडायची वेळ येऊ नये. गिरणी तिथे दार बंद ठेवायला मदत करत होती. तकियातली चक्की दार उघडं राहावं म्हणून होती. बाहेरचा माणूस आत येणार, हे गृहीत धरूनच इथला प्रत्येक दगड बसवला आहे.

याचा पुरावा हौदाखाली सापडतो. नदीच्या बाजूने खाली उतरलं की जाडजूड खांबांचं प्रशस्त दालन लागतं. हौदाचा तळ म्हणजेच या दालनाचं छत. वर पाणी, खाली माणसं. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात इथे टेकलेल्या यात्रेकरूला काय गारवा मिळाला असेल! दळून उरलेलं पाणी वाया घालवायचं नाही म्हणून ते हौदात आलं, हौदाने नमाजाआधी वुजू करणाऱ्यांची, म्हणजे हातपाय-तोंड धुणाऱ्यांची, सोय केली, वर बाग भिजवली, तळाने खोली थंड केली आणि मग कुठे ते खामेत सोडलं. एकाच धारेला इतकी कामं लावणाऱ्या माणसांपुढे मी मनापासून हात जोडले.

शहराचं पिण्याचं पाणी आज पैठणच्या जायकवाडी धरणातून वीज जाळून वर चढवावं लागतं, आणि तरीही नळाला ते रोज येत नाही. जुन्या नहरींवर मात्र पाये खणले गेले, बोअर मारल्या गेल्या, नळ फुटले. पर्यटकाला दाखवतात ती धार, नहर नाही. हर्सूलपासून खामपर्यंतच्या या वाटेवर खुणेचे दगड लावावेत, मनोरे मोजून त्यांना संरक्षण द्यावं आणि मुलांची सहल चक्कीपाशी न थांबवता उलट उगमाकडे न्यावी, असं मला फार वाटतं.

आम्ही तेच केलं. दुपारची जेवणं उरकून, परतीचा कन्नड घाट संध्याकाळवर ढकलून, गाडी हर्सूलकडे वळवली आणि वाटेत भेटेल त्याला नहर कुठून जाते ते विचारत निघालो.