स्लो चालतंय म्हणून अँटीव्हायरस बंद?

कोल्हापूर, इचलकरंजी, जयसिंगपूर या भागातल्या करसल्लागारांच्या, कारखानदारांच्या आणि पतसंस्थांच्या कचेऱ्यांमधले संगणक सांभाळणं हा माझा व्यवसाय. महिन्याची वीस तारीख जवळ आली, म्हणजे जीएसटीचं ३बी विवरणपत्र भरायची वेळ आली, की फोन सुरू होतात. तक्रारी मुख्यतः दोन. एक, "सर, मशीन लई स्लो चालतंय बघा." दुसरी, "एक मेल आलाय, उघडू का?" लोकांच्या लेखी ही दोन वेगळी दुखणी आहेत. मला मात्र ती एकमेकांत गुंतलेली दिसतात. मशीन मंदावलं की कुणीतरी जाणकार सल्ला देतो, "अँटीव्हायरस बंद कर, अपडेट थांबव, मग बघ कसं पळतं." वेगासाठी सुरक्षा विकायचा हा सौदा तोट्याचा तर आहेच, शिवाय त्यातून वेगही मिळत नाही.

आधी वेगाचं बघू. टॅली, एक्सेल, ब्राउझर, मेल, व्हॉट्सअ‍ॅप असं सगळं एकाच वेळी चालू असतं, तेव्हा प्रोसेसर ही कामं आळीपाळीनं करत असतो. त्याचा एक गाभा, म्हणजे कोअर, एका क्षणी साधारणपणे एकच काम हाताळतो. काही मिलिसेकंद एका प्रोग्रॅमला, पुढचे काही दुसऱ्याला. अदलाबदल इतकी झपाट्यानं होते की आपल्याला सगळं एकत्र चाललंय असं वाटतं. विंडोज ३.१ च्या काळात प्रत्येक प्रोग्रॅमनं आपण होऊन पाळी सोडावी अशी अपेक्षा होती. एकानं सोडली नाही की सगळं मशीन हँग. विंडोज ९५ पासून नव्या, ३२ बिटच्या प्रोग्रॅमांची पाळी संपली की ऑपरेटिंग सिस्टिम ती काढून घेऊ लागली. आज एक प्रोग्रॅम अडकला तरी बाकीचे चालू राहतात, ते त्यामुळे.

म्हणून दहा खिडक्या उघड्या आहेत एवढ्यानं प्रोसेसर दमत नाही. नुसता उघडा ठेवलेला प्रोग्रॅम त्याचा वेळ जवळजवळ घेतच नाही. तो अडवून ठेवतो ती रॅम. रॅम भरली की विंडोज तिच्यातला काही मजकूर डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये हलवतं आणि लागेल तेव्हा परत आणतं. खरी रखडपट्टी इथं होते. रॅममधली माहिती मिळायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात, फिरत्या हार्ड डिस्कवरची मिळायला १० मिलिसेकंदांच्या आसपास. फरक लाखपटीचा आहे. रॅमला एक सेकंद लागतो असं धरलं, तर हार्ड डिस्कला सव्वा दिवसाच्या आसपास लागेल आणि एसएसडीला साधारण पाव तास. रॅम फारच अपुरी असली तर मशीनचा बहुतेक वेळ या ने-आणीतच जातो आणि प्रत्यक्ष काम जवळपास थांबतं. पीटर डेनिंग या संगणकशास्त्रज्ञानं १९६८ मध्येच या अवस्थेची कारणमीमांसा मांडली होती.

हे ओळखायला माझी गरज नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. काम रखडलेलं असताना त्यातले सीपीयू, मेमरी आणि डिस्क हे तीन रकाने बघा. मेमरी ९० टक्क्यांच्या वर आणि डिस्क सतत १०० टक्क्यांवर असेल, तर बहुतेक वेळा रॅम कमी पडतेय. चार जीबीची आठ किंवा सोळा करा, फिरत्या डिस्कच्या जागी एसएसडी बसवा. जुन्या मशीनवर याइतका गुण येणारा दुसरा खर्च मला माहीत नाही. पाठोपाठ स्टार्टअपचं पान बघा. मशीन सुरू होताच आपोआप चालू होणारे प्रिंटरचे, फोनचे, गाण्यांचे प्रोग्रॅम तिथं दिसतील. रोज न लागणारे बंद करा. आणि तीनही रकाने शांत असताना मशीन रखडत असेल, तर नेटवर्क किंवा समोरची वेबसाइट तपासा. वीस तारखेला पोर्टलवर गर्दी असते, त्याचा राग आपल्या मशीनवर काढू नये.

टास्क मॅनेजरमध्ये क्रोमच्या पंधरा-वीस नोंदी दिसल्या की लोक घाबरतात. पण ती रचना मुद्दाम केलेली आहे. २००८ मध्ये क्रोम आला तो टॅबचं काम वेगवेगळ्या प्रक्रियांत वाटूनच. एक पान कोसळलं तरी बाकीची टिकावीत आणि एका पानातल्या घातक कोडला बाहेर हात घालता येऊ नये, हा हेतू. २०१८ च्या जानेवारीत प्रोसेसरमधला स्पेक्टर हा दोष जाहीर झाला, त्यानंतर क्रोमनं प्रत्येक साइट वेगळ्या प्रक्रियेत कोंडायला सुरुवात केली. त्यासाठी सुमारे १० ते १३ टक्के जादा मेमरी लागते, असं गूगलनं तेव्हा सांगितलं होतं. आपल्या मेमरीचा काही भाग सुरक्षेपोटी खर्च होतो, आणि तो व्हायलाच हवा.

अँटीव्हायरसचंही तसंच. फाइल उघडताना ती तपासणं हे त्याचं काम, त्याला थोडा वेळ लागणारच. पण एका मशीनवर दोन अँटीव्हायरस टाकले तर तीच फाइल दोघे तपासतात, एकमेकांवर संशय घेतात आणि मशीन खरोखर बसतं. एकच ठेवा. विंडोज ८ पासून डिफेंडर विंडोजमध्येच येतो. विकत घ्यायचा तर पर्याय आपल्या घरचाही आहे: कॅल्क्युलेटर दुरुस्त करणारे कैलास काटकर आणि अँटीव्हायरस लिहिणारे त्यांचे धाकटे भाऊ संजय या दोघांनी पुण्यात क्विक हील उभी केली. कोणताही निवडा, पण संपूर्ण तपासणीची वेळ जेवणाच्या सुट्टीत लावा. ऐन कामात मशीन मंदावणार नाही आणि अँटीव्हायरस बंद करायचा मोहही होणार नाही.

आता मेल. २६ मार्च १९९९ रोजी मेलिसा हा व्हायरस पसरला. वर्डची फाइल उघडली की तिच्यातला मॅक्रो, म्हणजे फाइलच्या आत दडलेला छोटा प्रोग्रॅम, आउटलुकच्या यादीतल्या पहिल्या पन्नास पत्त्यांवर स्वतःला पाठवायचा. त्याचा कर्ता डेव्हिड स्मिथ याला अमेरिकेत वीस महिन्यांची कैद झाली. पुढच्या वर्षी, ४ मे २००० रोजी, फिलिपिन्समधून आय लव्ह यू सुटला. जोडलेल्या फाइलचं नाव 'लव्ह लेटर फॉर यू डॉट टीएक्सटी डॉट व्हीबीएस' असं होतं. विंडोज फाइलनावाचं शेवटचं शेपूट लपवायचं, त्यामुळे चालू होणारा प्रोग्रॅम लोकांना साधं पत्र वाटला. तो यादीतल्या सगळ्यांना गेला, लोकांचे फोटो पुसत गेला. ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्सला आपली मेलव्यवस्था बंद करावी लागली. तो लिहिणारा ओनेल द गुझमन सुटला, कारण त्याच्या देशात तेव्हा असा गुन्हाच कायद्यात नव्हता. आपला माहिती तंत्रज्ञान कायदा त्याच वर्षी १७ ऑक्टोबरला लागू झाला आणि त्याच्या कलम ४३ मध्ये व्हायरस सोडण्याचा स्पष्ट उल्लेख आहे.

या दोन्ही व्हायरसांनी मुख्यतः माणसांचा विश्वास वापरला. मेल ओळखीच्या नावानं आला, म्हणून उघडला गेला. २०१४ मध्ये दिसलेला एमोटेट याहून पुढे गेला. चोरलेल्या खऱ्या मेलच्या मालिकेत तो उत्तर म्हणून घुसायचा. जानेवारी २०२१ मध्ये अनेक देशांच्या पोलिसांनी मिळून त्याचं जाळं तोडलं, तरी त्याच वर्षअखेरीस तो परतला. २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टनं इंटरनेटवरून आलेल्या ऑफिस फाइलींमधले मॅक्रो मुळातच अडवले, तेव्हा हल्लेखोर आयएसओ, शॉर्टकट आणि एचटीएमएल फाइलींकडे वळले. पासवर्डनं बंद झिप आणि पासवर्ड त्याच मेलमध्ये, ही त्यांची आवडती युक्ती, कारण बंद झिपच्या आत अँटीव्हायरसला सहसा डोकावता येत नाही.

म्हणून ओळखीचं नाव हा पुरावा धरू नका. 'इन्व्हॉइस', 'जीएसटी नोटीस', 'पेमेंट फेल' असा विषय आणि घाई करणारा मजकूर दिसला की थांबा. पाठवणाऱ्याचा पूर्ण पत्ता वाचा. आधी बोलणं झालेलं नसेल तर आपल्याकडे असलेल्या नंबरवर फोन करा. मेलमध्ये दिलेल्या नव्हे. नोटीस खरी असेल तर ती पोर्टलवर स्वतः लॉगिन केल्यावर दिसेलच. फाइल एक्सप्लोररमध्ये फाइलनावांची शेपटं दिसतील असं सेटिंग करा, आणि एक्झी, व्हीबीएस, जेएस, आयएसओ अशा शेपटाची फाइल मेलमधून कधीही उघडू नका. रोजचं काम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खात्यातून करू नका. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, हेही लक्षात ठेवा.

एवढं करूनही चूक होऊ शकते. काम करणाऱ्या मुलीसमोर पाच खिडक्या उघड्या असतात, फोन वाजत असतो, साहेब घाई करत असतात. मशीन आळीपाळीनं दहा कामं सांभाळतं, माणसाचं लक्ष तसं वाटलं जात नाही. तिच्यावर ओरडू नका. ओरडा बसेल या भीतीनं लपवलेली चूक जास्त महाग पडते. लगेच नेटवर्कची केबल काढा, वाय-फाय बंद करा, त्या मशीनला पेनड्राइव्ह लावू नका, दुसऱ्या उपकरणावरून पासवर्ड बदला. पैसे गेले असतील तर बँकेला आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तत्काळ कळवा. संस्थांनी अशी घटना सहा तासांत सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला कळवावी, असा २०२२ चा आदेश आहे.

लक्ष्मीपूजनाला आता वह्यांशेजारी संगणकालाही हळद-कुंकू लागतं. पूजेआधी एक काम करा. सगळ्या हिशेबांची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या, त्यातली एखादी फाइल दुसऱ्या मशीनवर उघडून बघा आणि डिस्क काढून कपाटात ठेवा. मशीन मंद वाटत असेल तर रॅम वाढवा, पण अँटीव्हायरस आणि अपडेट बंद करू नका.