मोठ्या कॅनव्हासवरचे गावकरी

‘कला हा समाजाचा आरसा आहे’ हे वाक्य उत्तरपत्रिकेत दिसलं की माझा हात आपोआप लाल पेनाकडे जातो. आरसा कुणी धरलाय, केवढा आहे आणि त्यात कोणाला उभं राहू दिलंय, हे त्या वाक्यातून कळतच नाही. म्हणून वर्गात मी आधी चित्राचं माप विचारतो.

फ्रेंच चित्रकार ग्युस्ताव कूर्बेच्या ‘ओर्नां येथील दफन’चं माप आहे साधारण ३१५ बाय ६६८ सेंटिमीटर. पुस्तकात ते बोटभर उरतं. पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात समोर उभं राहिलं की त्यातली माणसं आपल्याच उंचीची होतात. फ्रेंच अकादमीच्या शिस्तीत एवढा कॅनव्हास राजे, संत, लढाया आणि पुराणकथांसाठी राखीव असे. शेतकऱ्यांची चित्रं होत, पण बेताच्या आकाराची, दिवाणखान्यात शोभतील अशी. कूर्बेनं तो राखीव कॅनव्हास आपल्या गावाला देऊन टाकला. चाळीसहून अधिक माणसं: महापौर, पाद्री, थडगं खणणारा, लाल नाकांचे चर्चसेवक, डोळे पुसणाऱ्या बाया, शिवाय एक कुत्रा. सगळे एका रांगेत, कुणीच नायक नाही. मेलेला कोण, हेही चित्र सांगत नाही. खड्डा चौकटीच्या खालच्या कडेला कापला गेलाय, त्यामुळे आपण थेट त्याच्या काठावरच उभे असतो.

१८५०-५१च्या सलोन प्रदर्शनात हे चित्र लागलं आणि टीकाकार कुरूपतेच्या नावानं खडे फोडू लागले. मला ती तक्रार वरवरची वाटते. १८४८च्या फेब्रुवारी क्रांतीनं सर्व प्रौढ पुरुषांना मत दिलं. मतदार अडीच लाखांच्या आसपास होते, ते नव्वद लाखांवर गेले. त्यातले बहुसंख्य खेड्यातले. डिसेंबरात त्यांच्याच मतांच्या जोरावर लुई नेपोलियन राष्ट्राध्यक्ष झाला. ज्यांना पॅरिस आजवर अडाणी म्हणून हसत होतं, ते आता सत्ता ठरवू लागले होते. आणि इथे तेच भिंतभर उभे! खेड्यात काळा कोट घालणारा सधन वर्गही असतो, हे पाहणंही शहराला रुचलं नसावं.

चित्रकार मिलेच्या ‘सरवा वेचणाऱ्या’ (१८५७) बायांवरही असाच आरडाओरडा झाला. ते चित्र तर जेमतेम मीटरभर रुंद. पण नीट पाहा: पुढे तीन बाया वाकून कणसं वेचताहेत, मागे उन्हात धान्याच्या भल्यामोठ्या गंज्या, आणि उजवीकडे दूर घोड्यावर मुकादम. पीक कुणाचं आणि सरवा कुणाचा, एवढा हिशेब त्यात आहे.

मग १८७१. पॅरिस कम्यूनचा, म्हणजे शहरातल्या बंडखोर सरकारचा, मे महिन्यात रक्तपात करून बीमोड झाला. कूर्बे कम्यूनमध्ये होता. व्हाँदोम चौकातला नेपोलियनचा स्तंभ पाडल्याबद्दल त्याला सहा महिन्यांची कैद झाली. पुढे स्तंभ पुन्हा उभारण्याचा खर्चही, तीन लाख फ्रँकहून जास्त, त्याच्याच माथी मारला गेला. १८७३मध्ये तो स्वित्झर्लंडला गेला आणि १८७७मध्ये तिथेच वारला.

१८७४मध्ये दृक्‌प्रत्ययवाद्यांचं (इम्प्रेशनिस्टांचं) पहिलं प्रदर्शन त्याच पॅरिसमध्ये भरलं. नद्या, होड्या, नाट्यगृहं, रुंद रस्ते. तीन वर्षांपूर्वीच्या हत्याकांडाचा मागमूस नाही. समाजस्थिती शोधायची ती इथे, या गाळलेल्या जागेत. अर्थात मोनेचं पाणी पाहताना मीही हे सगळं विसरतो, हे वेगळं.

त्या मंडळींत कायबॉत मला अडवतो. त्याचं ‘लाकडी जमीन तासणारे’ १८७५मध्ये सलोननं नाकारलं. पुढच्या वर्षी ते दृक्‌प्रत्ययवाद्यांच्या दुसऱ्या प्रदर्शनात लागलं. उघड्या अंगाचे तीन मजूर गुडघ्यांवर बसून तासताहेत, बाजूला दारूची बाटली. घाम आहे, कष्ट आहेत. पण चित्रकार श्रीमंत घरचा, आणि ती जमीन त्याच्याच घरची असल्याचं मानलं जातं. कूर्बे आपल्या गावकऱ्यांना समोरासमोर पाहत होता. कायबॉत उभा राहून खाली पाहतो, काम करवून घेणाऱ्याच्या उंचीवरून.