दहापैकी किती?

शुक्रवारी ऑफिस सुटलं की आमची गँग मुंबईतला एखादा नवा वाईन बार गाठते आणि माझ्या डायरीत मार्क पडतात. अँबियन्स, म्युझिक, सर्व्हिस!

गेल्या महिन्यात निफाडहून आलेल्या अण्णांना घेऊन गेले. जन्मभर द्राक्षं पिकवलेला माणूस, वाईन पहिल्यांदाच! नाशिकचीच शिराझ मागवली. घोट घेऊन म्हणाले, "गरम लागतेय गं."

करेक्ट! रेड वाईन रूम टेम्परेचरला प्यायची, पण ती रूम युरोपातली, १६-१८ डिग्रीची. आपली तिशीतली नव्हे. तुम्हीही बिनधास्त बर्फाची बादली मागा.

मार्क? दहापैकी चार.

बिल बघून अण्णांनी हळूच विचारलं, "यातले द्राक्षवाल्याला किती?"

पाच वर्षं मार्क देतेय. हा रकाना आखायचा राहूनच गेला.