सोयगावात ‘नाही’ म्हणणारा पोरगा

यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही सहकुटुंब सोयगावला जाऊन आलो. कामे दोन होती. लेकरांना अजिंठ्याची लेणी दाखवायची होती, आणि आमच्या दाजींची समजूत घालायची होती. दुसरे काम पहिल्यापेक्षा अवघड होते. ताईचा फोन आला होता, “भाऊ, तू येच. पोरगी नाटकाचं शिकायचं म्हणते अन् हे घरात कोणाशी बोलेनात.”

औरंगाबादहून, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरहून, सकाळीच निघालो. फुलंब्री, सिल्लोड मागे पडले. फर्दापूरकडून सरळ रस्ता आहे, पण आम्ही मुद्दाम उंडणगावची वाट धरली. ही वाट हळदा घाटाने सोयगावात उतरते. घाटात वेताळवाडीचा किल्ला दिसतो. त्याची तटबंदी अजून बरीच शाबूत आहे. खाली पाहिले की कापसाची आणि मक्याची रिकामी रानं, आणि त्यापलीकडे सपाट खानदेश.

सोयगावची गंमत अशी की जिल्हा मराठवाड्यातला, पण घाट उतरला की बोली बदलते. मला, तुलाचे ‘मले’, ‘तुले’ होते. लोकांची सोयरीक आणि बाजारहाट पाचोरा-जळगावकडे. शेजारच्या शेंदुर्णीवरून पूर्वी पाचोरा-जामनेर ही छोटी रेल्वेगाडी धावायची, ती २०२० साली बंद झाली. आमच्या लेकरांनी ती पाहिलीच नाही.

ताईच्या घरी कळण्याची भाकरी आणि शेवभाजी तयार होती. दाजी जिनिंगवर हंगामी कामाला जातात, एरवी मजुरी. जयभीम झाला, पाणी झाले, पण दाजी गप्पच. भाचीने मात्र ताटावर बसायच्या आतच वही आणून आमच्या हातात दिली. “मामा, आधी हे वाचा. आज-उद्या विहाराच्या अंगणात आमची तालीम आहे.”

वहीत एक छोटे नाटक होते. मूळ नाटककार जर्मन भाषेतला, बर्टोल्ट ब्रेख्त. कॉलेजच्या वाचनालयातल्या एका पुस्तकात भाचीला त्या नाटकाची हकीगत सापडली. तेवढ्यावरून तिने आपल्या बोलीत सगळे नव्याने लिहून काढले.

हा ब्रेख्त १८९८ साली ऑग्सबर्ग गावी जन्मला. १९२२ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, नव्या नाटककाराला मिळणारे क्लाइस्ट पारितोषिक त्याला मिळाले. पुढे १९२८ साली भिकारी, चोर आणि पोलीस यांच्यावरचे त्याचे संगीत नाटक बर्लिनमध्ये गाजले. तेच पु. ल. देशपांडे यांनी ‘तीन पैशाचा तमाशा’ म्हणून मराठीत आणले, आणि १९७८ साली जब्बार पटेलांनी ते रंगभूमीवर उभे केले. हिटलर सत्तेवर आल्यावर १९३३ साली ब्रेख्तला देश सोडावा लागला. त्याची पुस्तके चौकात जाळली गेली. परदेशात दिवस काढताना त्याने एक कविता लिहिली. तिच्यात तथागत आपल्या शिष्यांना जळत्या घराची गोष्ट सांगतात. वेशीबाहेरच्या घरांची जळितं आपल्या लोकांनी पाहिलेली आहेत, तेव्हा ती गोष्ट आपल्याला परकी वाटायचे कारण नाही.

भाचीच्या वहीतले नाटक मात्र १९३० सालचे, शाळेतल्या मुलांनी करायचे. गोष्ट साधी आहे. एक गुरुजी काही विद्यार्थ्यांना घेऊन डोंगरापलीकडे निघाले आहेत. एका मुलाची आई आजारी आहे. तिचे औषध पलीकडच्या शहरात मिळेल म्हणून तोही हट्टाने सोबत जातो. वाटेत तोच आजारी पडतो, त्याला पाऊल टाकवत नाही. फार जुनी रूढी अशी की, डोंगरात जो आजारी पडेल त्याला दरीत टाकून बाकीच्यांनी पुढे जायचे. आधी त्याला विचारायचे, “तुझ्यासाठी आम्ही मागे फिरावे का?” आणि त्याने “नको” असेच उत्तर द्यायचे, अशीही रूढीच आहे! मुलगा रूढीप्रमाणे मान्यता देतो, आणि त्याला दरीत लोटतात. नाटकाचे नाव ‘हो म्हणणारा’.

खरी गोष्ट पुढेच आहे. बर्लिनच्या नॉयकोल्न या कामगार वस्तीतल्या एका शाळेत या नाटकावर चर्चा झाली. मुलांना शेवट पटला नाही. त्यांनी हरकती घेतल्या. मोठा नामांकित लेखक, पण त्याने मुलांचे म्हणणे कानावेगळे केले नाही. त्याने दुसरे नाटक लिहिले, ‘नाही म्हणणारा’. त्यात तोच मुलगा म्हणतो, मला ही रूढी मान्य नाही. नवी परिस्थिती आली की नव्याने विचार करायचा, अशीच रूढी पाडा. मग सोबतचे विद्यार्थी लोक हसतील याची पर्वा न करता त्याला घेऊन गावाकडे परत फिरतात. दोन्ही नाटके शक्यतो एकत्रच करावीत, असे ब्रेख्तने सांगून ठेवले.

भाचीने गुरुजी सोयगावचे केले होते, डोंगर हळदा घाटाचा आणि औषध सिल्लोडच्या दवाखान्यातले.

आम्ही वही मिटली तेव्हा दाजी पहिल्यांदा बोलले. “लेखन चांगलं आहे, पाहुणे. मी अडाणी नाही. पण सगळ्या समाजासमोर पोरगं मास्तरला ‘नाही’ म्हणतं, हे शोभतं का? आन् जर्मनीच्या नाटकाचं आपल्याला काय? तिनं नर्सिंग करावं. नाटकानं चूल पेटते का?”

या प्रश्नाला हसून चालणार नव्हते. ज्या घरात फी भरायला दोन शेळ्या विकाव्या लागतात, त्या घराचा हा रास्त प्रश्न आहे. आम्ही एवढेच म्हणालो, “दाजी, उद्या तुम्हीही लेणीला चला. तिथं बोलू.”

दुसऱ्या दिवशी फर्दापूर गाठले. हे गाव आणि लेणी सोयगाव तालुक्यातच येतात, हे अजिंठा म्हणणाऱ्या पुष्कळांना ठाऊक नसते. फर्दापूरच्या तिठ्यावर खाजगी गाड्या थांबवतात आणि तिथून बसने लेणीपर्यंत नेतात. (सोमवारी लेणी बंद असतात, वाचकांनी ध्यानात ठेवावे.) वाघूर नदीच्या घोड्याच्या नालासारख्या वळणावर तीस लेणी आहेत. सर्वांत जुनी इसवी सनापूर्वीची, बाकीची बहुतेक पाचव्या शतकातली. १८१९ साली जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस पडल्यावर ती पुन्हा जगापुढे आली.

सोळाव्या लेण्यात आम्ही दाजींना एका चित्रापुढे थांबवले. तथागतांचा भाऊ नंद भिक्षू झाला आहे. त्याचा मुकुट घेऊन सेवक घरी आला आहे. तो पाहून नंदाची पत्नी सुंदरी शुद्ध हरपून कलंडली आहे. दासी तिला सावरत आहेत. पूर्वी या चित्राला ‘मरणासन्न राजकुमारी’ म्हणत. दाजी बराच वेळ पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, “घरातलं माणूस घर सोडून निघालं की असंच होतं.” ते कोणाविषयी बोलत होते ते आम्हाला कळले. भाचीलाही कळले. ती काही बोलली नाही.

नंद आणि सुंदरीची ही कथा अश्वघोष या बौद्ध कवीने ‘सौंदरनंद’ काव्यात सांगितली आहे. हाच अश्वघोष नाटककारही होता. सारिपुत्त आणि मोग्गलान तथागतांकडे कसे आले, यावर त्याने ‘शारिपुत्रप्रकरण’ नावाचे नऊ अंकी नाटक लिहिले. आपल्या देशातली जी सर्वांत जुनी नाटके आज हाती आहेत, त्यांत त्याची गणना होते. ते आपल्याकडे नष्ट झाले होते. मध्य आशियातल्या तुर्फान भागात गेलेल्या जर्मन मोहिमांनी ताडपत्रांचे तुकडे बर्लिनला आणले. हाइनरिख ल्यूडर्स या जर्मन पंडिताने ते जुळवून वाचले आणि १९११ साली छापले. त्या तुकड्यांत मोठी पात्रे संस्कृतात बोलतात, आणि विदूषक व इतर साधी माणसे प्राकृतात, म्हणजे त्या काळच्या लोकांच्या बोलीत.

बाहेर सावलीत बसून आम्ही हे दाजींना सांगितले. म्हणालो, “आपलं नाटक जर्मनीच्या माणसानं सांभाळून वाचलं. मग त्यांचं एखादं नाटक आपल्या पोरीनं वाचलं तर देणंघेणं फिटलं समजा.”

दाजी हसले. पण चुलीचा प्रश्न त्यांनी सोडला नाही. आम्हीही त्यांना खोटा भरवसा दिला नाही. नाटकावर पोट भरणारे थोडे, हे खरेच आहे. मात्र आपल्या लोकांचे नाटकाशी नाते नवे नाही. जोतीराव फुल्यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ लिहिले. म. भि. चिटणीसांचे ‘युगयात्रा’ १९५५ साली मिलिंद महाविद्यालयात बाबासाहेबांच्या उपस्थितीत झाले. रुस्तुम अचलखांब औरंगाबादच्याच विद्यापीठात नाट्यशास्त्राचे प्राध्यापक होते. पुण्यात २०१२ साली महापालिकेच्या सफाई कामगारांनी गो. पु. देशपांडे यांचे ‘सत्यशोधक’ केले, अतुल पेठे यांच्या दिग्दर्शनाखाली. दिवसभर झाडू मारून संध्याकाळी तालमीला येणारी ती माणसे होती. नाटक शिकवता येते, शिक्षकाची नोकरी सांभाळून करताही येते. हे सारे दाजींनी ऐकून घेतले, पण हो म्हणाले नाहीत.

संध्याकाळी विहाराच्या अंगणात तालीम होती. सतरंजीवर वीस-पंचवीस माणसे जमली. पडदा नाही, एकच दिवा. लेकरांनी आधी ‘हो’ म्हणणारे नाटक केले. पोरगा दरीत गेला तशी दाजींची आई मोठ्याने बोलली, “अगं माय! पोराले लोटून दिलं? आन् मास्तर पाहत रायला?” सगळे हसले. आजी मात्र हसली नाही.

मग दुसरे नाटक झाले. दहा वर्षांचा पोरगा उभा राहून “नाही” म्हणाला, आणि अंगण शांत झाले. दाजींनी मान खाली घातली होती.

नाटक संपल्यावर आजीने भाचीला जवळ बसवले. “कामून लिवलं गं हे? हे त माह्या बापाचं हाय.” मग तिने जे सांगितले ते दाजींनीही कधी ऐकले नव्हते. तिच्या लहानपणी गावातले मेलेले ढोर ओढायचे काम तिच्या घराकडे होते. बाबासाहेबांचे सांगणे कानी आल्यावर एक दिवस तिच्या बापाने पाटलाच्या वाड्यासमोर नाही म्हटले. त्या सुगीला घरात बलुत्याचा दाणा आला नाही. माय रानातली भाजी उकडून घालायची. “लोक हसले आमाले. पण बाप मांगं नाही सरला. मले साळंत घातलं त्यानं, दुसरीपर्यंत.”

अंगणात कोणी बोलेना. शेवटी दाजी उठले, दिव्याची वायर गुंडाळता गुंडाळता भाचीला म्हणाले, “फॉर्म कधी भरायचा हाय त्याचा?” आणि लगेच, “नर्सिंगचाही भरून ठेव. दोन्हीकडं पाहू.” भाचीने मान डोलावली. यापेक्षा जास्त त्या रात्री कोणी काही मागितले नाही.

परतीच्या वाटेवर, घाट चढताना, आमच्या धाकट्याने विचारले, “बाबा, त्या पोराच्या आईचं औषध मग कोणी आणलं?” आम्हाला उत्तर सुचले नाही. पोरगा वाचला, पण औषध राहिलेच. आम्ही सोयगावला फोन लावून भाचीला हा प्रश्न सांगितला. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, “मामा, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. त्याला म्हणा, तिसरं नाटक लिहिते.”

वाचकहो, अजिंठ्याला जाल तेव्हा सोळाव्या लेण्यात थोडे थांबा. वेळ असला तर हळदा घाटाने सोयगावात उतरा. आणि तुमच्या वस्तीत कोणी पोर वही घेऊन आले, तर ती वही आधी वाचा.