नऊ जणी आणि सहा फिरती घरं

घरांचे प्रकार शिकवताना आपण फळ्यावर कौलारू घर, धाब्याचं घर, बंगला, झोपडी, तंबू अशी चित्रं काढतो. चाकांवरचं घर विचारलं की माझ्या वर्गातली मुलं घिसाडी कुटुंबांची बैलगाडी सांगतात. बरोबरच आहे. अमेरिकेत चाकांवरच्या घराला आरव्ही म्हणतात आणि ती बहुतेक वेळा हौसेची वस्तू असते. काही आरव्हींना स्वतःचंच इंजिन असतं, म्हणजे बसमध्येच घर. काहींना इंजिन नसतं. तो नुसता ट्रेलर, मोठ्या गाडीच्या मागे जोडून ओढत न्यायचा. आत पलंग, गॅसची शेगडी, फ्रीज, छोटंसं न्हाणीघर आणि संडास. माझ्या ताईकडे असा सुमारे वीस फुटी ट्रेलर आहे.

ताई ओहायो राज्यात कोलंबस शहराजवळ राहते. उन्हाळी सुट्टीत मी तिच्याकडे गेले होते, तेव्हा चार दिवस तिच्या मैत्रिणींच्या गटाबरोबर हॉकिंग हिल्स स्टेट पार्कमध्ये मुक्कामाला जायचा योग आला. स्टेट पार्क म्हणजे राज्य सरकारनं राखलेलं जंगल-उद्यान. ओहायोत अशा पार्कमध्ये शिरायला पैसे पडत नाहीत, मुक्कामाच्या जागेचं भाडं तेवढं द्यावं लागतं. गटात नऊ जणी, आरव्ही सहा, आणि पुरुष एकही नाही. सगळ्यात लहान मी, सदतीस वर्षांची. सगळ्यात मोठ्या आजी बहात्तर वर्षांच्या.

फक्त बायकांनी आरव्ही घेऊन फिरायची रीत तिकडे नवी नाही. 'आरव्हीइंग विमेन' नावाची संघटना १९९१ मध्ये सुरू झाली. १९९९ मध्ये मॉरी ससमन आणि बेकी क्लार्क या दोघी सख्ख्या बहिणींनी 'सिस्टर्स ऑन द फ्लाय' सुरू केली, तिथे तर नियमच आहे, नवरे नाहीत, मुलं नाहीत. ताईचा गट एवढा मोठा नाही. एकमेकींच्या ओळखीतून जमलेल्या बायका. कुणी निवृत्त परिचारिका, कुणी बँकेतली, एक शाळेची बस चालवणारी.

ताई यांच्यात कशी आली ते सांगायला हवं. ट्रेलर दाजींनी घेतला होता. दाजी गाडी चालवायचे, ताई शेजारी बसून नकाशा बघायची आणि पोचल्यावर पोहे करायची. ट्रेलर जोडणं, सोडणं, पाणी भरणं, वीज जोडणं हे सगळं दाजींचं खातं. दाजी अचानक हृदयविकारानं गेले. त्यानंतर दोन वर्षं ट्रेलर ताडपत्रीखाली उभा होता. विकून टाक, असं सगळे म्हणाले. मीही फोनवर तेच म्हणत होते, उगाच त्याच्याकडे बघून रडत बसण्यापेक्षा गेलेला बरा. मग शेजारच्या गल्लीतल्या त्या बसवाल्या बाईंनी ताईला एका रविवारी शाळेच्या रिकाम्या पार्किंगमध्ये नेलं आणि ट्रेलर जोडलेली गाडी मागे घ्यायला शिकवायला सुरुवात केली. चार-पाच रविवार गेले. त्यानंतरचा ताईचा हा तिसरा मुक्काम.

आमच्या आईला साताऱ्याला फोन करून सांगितलं तर ती म्हणाली, "रानात? नुसत्या बायका-बायका? आणि रात्रीचं काय?" ताई म्हणाली, "आई, तू माउलींच्या पालखीबरोबर वीस दिवस तंबूत झोपतेस, तेव्हा आम्ही विचारतो का?" आईचं म्हणणं पडलं की तिथे माउली असतात. शेवटी "दार नीट लावा" एवढ्यावर तिची परवानगी मिळाली. ताई त्रेचाळीस वर्षांची आहे, पण परवानगी लागतेच.

पार्क कोलंबसपासून सव्वा-दीड तासावर आहे. वाळूच्या खडकाचे उंच कडे, त्यांच्यात पाण्यानं कोरलेल्या घळी आणि घळीत हेमलॉकची गर्द झाडी. मे महिना असून रात्री स्वेटर लागत होतं. जळाऊ लाकडं घरून न्यायची नाहीत, तिथलीच विकत घ्यायची, कारण लाकडातून झाडं मारणारी कीड एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जाते. ॲश झाडांवरच्या हिरव्या भुंग्यानं तिकडची असंख्य ॲश झाडं अशीच गेली. हे मी वहीत लिहून घेतलं, पर्यावरणाच्या तासाला कामाला येईल.

आता मुक्कामाचं खरं काम. मला वाटलं होतं, पोचायचं, खुर्च्या टाकायच्या आणि चहा प्यायचा. तसं नसतं. आधी ट्रेलर ठरलेल्या जागेत उलटा घालायचा. आपल्याकडे उसाची ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर मागे घेताना ज्यांनी पाहिलं असेल त्यांना कळेल. स्टेअरिंग उजवीकडे वळवलं की ट्रॉली डावीकडे जाते. यावर त्या बायकांकडे एक साधी युक्ती आहे. हात स्टेअरिंगच्या वर ठेवायचा नाही, अगदी खाली धरायचा. मग हात ज्या बाजूला न्याल त्याच बाजूला ट्रेलरचं मागचं टोक जातं. मागे एक जण उभी राहते. तिचा नियम असा, की चालवणारीला आरशात ती दिसलीच पाहिजे. दिसेनाशी झाली की गाडी थांबवायची.

ट्रेलर जागेत आला की एका बाजूच्या चाकांखाली फळ्या घालून तो समपातळीत आणायचा. ताई चक्क गवंड्यासारखी पाणसळ लावून बघते. मग चाकांना ठोकळे लावायचे, एसटीच्या चाकाला दगड लावतात तसे. त्यानंतरच गाडीपासून ट्रेलर सोडायचा. हा क्रम चुकला तर ट्रेलर घरंगळत जाऊ शकतो. शेवटी विजेची जाड केबल खांबाला जोडायची.

आणि संडासाची टाकी. हा विषय निबंधात घ्यावा की नाही, असं मनात आलं होतं, पण घेते. ट्रेलरमध्ये सांडपाण्याच्या दोन टाक्या असतात, एक मोरीच्या पाण्याची आणि एक मैल्याची. निघायच्या दिवशी पार्कमधल्या ठरलेल्या जागी पाइप लावून दोन्ही रिकाम्या करायच्या. आधी मैल्याची, मग मोरीची, म्हणजे मोरीच्या पाण्यानं पाइप धुऊन निघतो. ताई रबरी हातमोजे घालून ते करत होती आणि शेजारच्या परिचारिका बाईंशी मुलीच्या लग्नाबद्दल बोलत होती. दाजींच्या काळात ताईनं हे झाकण कधी बघितलंसुद्धा नव्हतं.

पहिल्या दिवशी दुपारी त्या बहात्तर वर्षांच्या आजी आल्या. त्यांचा ट्रेलर ताईच्यापेक्षा लांब. ताईनं मला मराठीत हळूच सांगितलं, की यांच्या यजमानांना विसराळूपणाचा आजार सुरू झालाय. चाळीस वर्षं तेच चालवायचे, आता डॉक्टरांनी गाडी बंद केलीय. मुलगी दोन रात्री वडिलांजवळ थांबणार, तेवढ्यासाठी आजी आल्या होत्या. पुढे नवऱ्याला घेऊन फिरायचं तर गाडी आता आपल्यालाच जमली पाहिजे, आणि ती लवकर जमली पाहिजे, असा त्यांचा हिशेब होता. ट्रेलरमध्ये गेलं की त्यांना अजून सगळं आठवतं, असं त्या म्हणाल्या.

आजींनी ट्रेलर मागे घेतला तो खांबाकडे चालला. थांबल्या, पुढे घेतला. दुसऱ्यांदा झुडपात. तिसऱ्यांदा पुन्हा खांब. रस्त्यावर दोन गाड्या खोळंबल्या. शेजारच्या जागेवरचे एक गृहस्थ उठून आले. माणूस सभ्य होता, हसून म्हणाला, "मी लावून देऊ का? दोन मिनिटांचं काम." खरं सांगते, मला वाटलं आता आजी उतरतील आणि सुटका होईल. बसवाल्या बाई तितक्याच हसून म्हणाल्या, "आभारी आहोत. त्या लावतायत." बस, एवढंच. खोळंबलेल्या गाड्यांना त्यांनी हात करून बाजूनं काढलं आणि पुन्हा मागे जाऊन उभ्या राहिल्या. बाकीच्या सात जणी होत्या, पण कुणी 'इकडे, इकडे' ओरडलं नाही. सूचना एकीच्याच तोंडून. सहाव्या वेळी ट्रेलर जागेत बसला, जरा तिरकाच. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बसवाल्या बाईंनी खिडकीपाशी जाऊन विचारलं, "असाच ठेवायचा की सरळ करायचा?" आजी म्हणाल्या, "सरळ करते." आणि सातव्यांदा घेतला.

ज्ञानरचनावादाची प्रशिक्षणं आपण सगळ्यांनी केलीत. मूल स्वतः करून शिकतं, शिक्षकानं सुलभकाची भूमिका घ्यावी, हे वाक्य आपल्याला पाठ आहे. पण सुलभकाला किती वेळ नुसतं उभं राहावं लागतं, रस्त्यावर गाड्या खोळंबलेल्या असताना आणि मदत करणारा माणूस चांगला असताना, हे कुठल्या पुस्तिकेत मी वाचलेलं नव्हतं. माझ्या शाळेत पाण्याची मोटर चालू करायला पोरं धावतात आणि वर्ग झाडायला पोरी उठतात. कुणी सांगितलेलं नसतं. त्या दुपारी मी हाच विचार करत होते.

सगळंच मला आवडलं असं नाही. फ्रीज आणि एसी असलेल्या डब्यात झोपण्याला मुक्कामाला जाणं म्हणायला माझी जीभ वळत नव्हती. ट्रेलर ओढणारी गाडी पेट्रोल पाण्यासारखं पिते. हा खर्च झेपणाऱ्या बायकाच तिथे येतात, हे उघड आहे. ज्या बायकांना कामावरून सुट्टी मिळत नाही त्या कुठल्या येणार. ताईला हे बोलले तर ती म्हणाली, "खरंय. पण ट्रेलर तर दारात उभाच होता ना."

संध्याकाळी शेकोटी. ताईनं निखाऱ्यावर वांगी भाजून भरीत केलं, ते बायकांनी मक्याच्या पावाबरोबर खाल्लं आणि पाणी मागितलं. रात्री प्रत्येकीच्या उशाशी शिट्टी. कुणाला काही शंका आली तर वाजवायची, बाकीच्यांनी दिवे लावायचे. तीन रात्रींत एकदाही वाजली नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघी चालायला गेलो. तिथे सुमारे साडेनऊ किलोमीटरची एक पायवाट आहे, 'ओल्ड मॅन्स केव्ह' नावाच्या घळीपासून 'ॲश केव्ह' या कपारीपर्यंत. या वाटेला ग्रँडमा गेटवूड यांचं नाव दिलंय. एमा गेटवूड याच आग्नेय ओहायोतल्या, १८८७ चा जन्म. अकरा मुलांची आई. नवरा मारहाण करायचा. पुढे त्यांनी घटस्फोट घेतला. मासिकात ॲपलाचियन ट्रेलबद्दल वाचून १९५४ मध्ये त्या निघाल्या, वाट चुकल्या, चष्मा फुटला, परत आल्या. १९५५ मध्ये वयाच्या ६७ व्या वर्षी पुन्हा निघाल्या, घरी फक्त "फिरायला जाते" सांगून. पायांत साधे कापडी बूट, खांद्यावर हातानं शिवलेली पिशवी, पावसासाठी न्हाणीघराचा प्लॅस्टिकचा पडदा. जॉर्जियापासून मेनपर्यंत तीन हजार तीनशे किलोमीटरच्या आसपासची वाट त्या एकट्या चालल्या. एकाच हंगामात ती एकटीनं पूर्ण करणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. पुढे आणखी दोनदा ती वाट त्यांनी पुरी केली. गोष्टीच्या तासाला मी ही गोष्ट सांगितली तेव्हा चौथीतल्या एकीनं विचारलं, "बाई, त्यांची अकरा पोरं कोण सांभाळत होतं?" मोठी झाली होती, असं मी सांगितलं. तिला ते पटलं.

ॲश केव्ह ही ओहायोतली सगळ्यात मोठी कपार, घोड्याच्या नालासारखी, दोनशे मीटरहून रुंद. पूर्वीच्या लोकांनी पेटवलेल्या चुलींच्या राखेचे मोठे ढीग तिथे सापडले म्हणून हे नाव. म्हणजे मुक्कामाची जागा म्हणून ती आमच्या कितीतरी आधीपासून ठरलेली होती. शेवटच्या टप्प्याची वाट सपाट आणि पक्की आहे. आजींचा गुडघा दुखतो, म्हणून त्या गाडीनं तिथवर आल्या आणि आमच्याआधी येऊन बसल्या होत्या. नवऱ्याला इथे आणता येईल, व्हीलचेअर लागली तरी येईल, असं त्या ताईला सांगत होत्या आणि बाकं कुठे कुठे आहेत ते मोजत होत्या.

निघायच्या सकाळी ताईनं कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली यादी काढली. वर दाजींच्या अक्षरात इंग्रजीत बारा कामं. खाली ताईनं मराठीत वाढवलेली अकरा. साखळ्या लावल्या का. पायरी आत घेतली का. गॅस बंद. फ्रीजची कडी. ती एकेक काम करून हाक मारायची, मी पेन्सिलनं खूण करायचे.

आजी आदल्या दिवशीच गेल्या होत्या. पुढचा मुक्काम सप्टेंबरात, त्यासाठी बसवाल्या बाईंनी फोनवर एक तक्ता पाठवला होता. त्यात नाव, गाडीची लांबी, आणि गाडी लावायला मदत हवी का असा एक रकाना होता. आजींनी नाव घातलं होतं, माणसं दोन लिहिली होती, आणि मदतीच्या रकान्यात लिहिलं होतं, "फक्त मागे उभी राहायला कुणीतरी."