लोहगाव ते दाबोळी

पुण्याचा लोहगाव विमानतळ आणि गोव्याचा दाबोळी विमानतळ हे जवळजवळ एकाच रेखावृत्तावर आहेत. लोहगावचे अक्षांश 18 अंश 35 मिनिटे, दाबोळीचे 15 अंश 23 मिनिटे. आणि अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल असल्यामुळे निव्वळ वजाबाकीने 192 सागरी मैल, म्हणजे सुमारे 355 किलोमीटर, हे अंतर हाती येते. नकाशावर ही उभी रेघ ओढूनच मी प्रवासास निघालो.

वेळेचा हिशेब इतका सरळ नाही. वेळापत्रकात सव्वा तासाच्या आसपासचा अवधी नोंदलेला असला, तरी आकाशात त्यातला जेमतेम पाऊण तास जातो. उरलेला वेळ धावपट्टीपर्यंत सरकण्यात आणि परवानगीची वाट पाहण्यात खर्ची पडतो. लोहगाव हवाई दलाचे ठाणे, दाबोळी नौदलाचे. मुलकी विमानांनी त्यांच्या सवडीने वाट मागावी, हे मला रास्तच वाटते.

पूर्व-पश्चिम धावपट्टीवरून उडून विमान दक्षिणेस वळले, तेव्हा पश्चिमेच्या खिडकीतून सिंहगडाचा माथा दिसला. मग वाईचे कृष्णाखोरे, मग कोयनेचा लांबट शिवसागर जलाशय. सह्याद्रीची जी धार पुण्यापाशी दूर पश्चिमेला असते, ती दक्षिणेकडे जाताना पूर्वेस कलत जाते, आणि त्यामुळे नाकासमोर जाणारे विमान कोठेही न वळता देशावरून कोकणावर येते. राधानगरीचे दाट अरण्य मागे पडले आणि जमीन एकाएकी खोल गेली, तो क्षण पाहण्यासाठी हा प्रवास दिवसाउजेडीच करावा.

ह्याच मुलखात एके काळी भारत आणि पोर्तुगीज गोवा यांच्यातली सरहद्द होती. 1955 च्या मे महिन्यात पुण्याचे नानासाहेब गोरे सत्याग्रहींची तुकडी घेऊन ती ओलांडते झाले आणि त्यांच्या वाट्याला आग्वादच्या किल्ल्यातला तुरुंगवास आला. त्याच वर्षी, भारताने केलेल्या नाकेबंदीला उत्तर म्हणून, पोर्तुगीज सरकारने दाबोळीहून विमाने सुरू केली. ती दीव-दमणला जात, कराचीला जात. पुण्याला मात्र जात नसत. अंतर तेव्हाही 192 सागरी मैलच होते, पण प्रवासाला लागणारा वेळ असा काही नव्हताच. लोहगावहून ह्या वाटेने विमाने गेली ती 18 डिसेंबर 1961 रोजी सकाळी: गोवामुक्तीच्या कारवाईत विंग कमांडर मेनन यांच्या नेतृत्वाखाली भारतीय हवाई दलाची 12 कॅनबेरा बाँबफेकी विमाने. दाबोळीची धावपट्टी निकामी करावी, परंतु विमानतळाच्या इमारतींना धक्का लावू नये, असा त्यांना हुकूम होता. शत्रूच्या ठाण्यावर बाँब टाकतानाही उद्याच्या वाहतुकीची तजवीज ठेवणाऱ्या त्या हुकुमाविषयी मला फार आदर आहे.

जुवारी नदीचे रुंद मुख दिसले, आणि थोड्याच वेळात चाके टेकली. लोहगावच्या 1,900 फुटांवरील कोरड्या हवेतून निघालेले आम्ही दमट उष्म्यात उतरलो; बाहेर परवाना मागणारे कोणी नव्हते, आणि पुणेकर मंडळी सामान उचलून वास्कोच्या रस्त्याला लागलीही होती.